बंडीवाली बाहेर हाये

एकोणतीस वर्षं मी ओरडण्याचा पगार घेतला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत मी कापसाची हर्रास बोलत असे. लिलावाला आमच्या भागात हर्रास म्हणतात. आवाज घराण्यातला आहे. माझे वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गाठी उचलायचे आणि संध्याकाळी विहारात वंदना सांगायचे, तेव्हा रस्त्यावर एसटीची वाट पाहणारी माणसंही हात जोडायची. त्यांनी आवाज धम्माला दिला, मी कापसाला दिला, एवढाच फरक. आता निवृत्त होऊनही मी घरात मीठ मागितलं की शेजारची सून वाटी घेऊन येते, असं आमच्या मंडळींचं म्हणणं आहे.

बाजारातल्या गमती लिहा, असा एका अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा मी गमती आठवायला बसलो. पण माझी सगळ्यात मोठी फजिती बाजारात झालीच नाही. ती सातासमुद्रापलीकडे झाली, कोटटाय घातलेल्या माणसांच्या खोलीत. ती सांगायची तर आधी हर्रास समजावून सांगावी लागेल.

सकाळी आवारात गाड्या रांगेनं लागतात. कुणी ट्रॅक्टर आणतो, कुणी मेटॅडोर, पण आम्ही सगळ्यांनाच बंडीवाला म्हणतो. बंडी म्हणजे बैलगाडी. पुण्याकडच्या वाचकांनी अंगातली समजू नये. मी पुढं चालतो आणि माझ्यामागं सात-आठ खरेदीदार. ते कापसात खांद्यापर्यंत हात घालतात, आतला पुंजका ओढून काढतात, बोटांनी ताणून धागा पाहतात, गालाला लावून ओल पाहतात. वर पांढराशुभ्र आणि आत किडका पिवळा, असला प्रकार तर नाही ना, याची खात्री करतात. मग मी भाव पुकारतो आणि बोली चढू लागते.

प्रत्येकाची बोली वाढवायची तऱ्हा वेगळी. एक शेठ डोळे मिटायचे. दुसरे कान खाजवायचे. एकदा त्यांच्या कानाशी माशी घोंगावत होती आणि मी आपला बोली वाढवत गेलो. शेठनी माशीपायी सगळ्यात महाग माल घेतला, पण चूक कबूल करायची लाज वाटली म्हणून पैसे चुकते करून गेले. बंडीवाल्यानं त्या दिवशी अख्ख्या आवाराला चहा पाजला.

बोली थांबली की मी म्हणायचो, "एक बार... दो बार..." आणि इथं थांबायचो. तीन बार म्हणायच्या आधी बंडीवाल्याकडं वळून विचारायचं, "द्याचा काय?" त्यानं मान हलवली तरच तीन बार. तो नाही म्हणाला तर भावाची चिठ्ठी फाडायची. माल त्याचा आहे, तो परत घेऊन जाईल. माझ्या नोकरीतलं खरं काम हेच होतं. नुसतं ओरडायला कुणीही ओरडेल.

हे काम मी एकदा चुकलो. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. महागावकडचे एक म्हातारे गृहस्थ बैलांना पाणी पाजायला हौदावर गेले होते. इकडं त्यांच्या मालावर बोली जोरात आली, मला चेव चढला, मागं उभे असलेले व्यापारी घाई करू लागले आणि मी एका दमात तीनही बार म्हणून मोकळा झालो. म्हातारे परत आले. त्यांनी कापसाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "माह्याबिगर झालं?" त्यांना नाही म्हणायचा हक्क होता. पण त्यांना वाटलं, सरकारी माणूस बोलला म्हणजे संपलं. तसं नाही हे मी त्यांना सांगायला हवं होतं. माझी चूक उघडी पडेल म्हणून मी गप्प राहिलो. ते बैल जुंपून जिनिंगच्या काट्याकडं गेले. भाव वाईट नव्हता, पण त्याचा काय संबंध. त्यानंतर बंडीवाला जागेवर नसला की मी हर्रास थांबवून अख्ख्या आवारात त्याच्या नावानं हाक मारायचो. व्यापारी चिडायचे. मी म्हणायचो, शेठ, चिडा, पण थांबा.

माझ्या निवृत्तीच्या आसपासची वर्षं कापसाला फार वाईट गेली. पाऊस यायचा तेव्हा यायचा नाही, आणि आला की वेचणीच्या तोंडावर धो धो. त्यावर बोंडअळी. ज्या आवारात गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची तिथं दुपारी कुत्री झोपू लागली. त्याच काळात घाटंजीच्या एका शेतकरी संस्थेला हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निरीक्षक म्हणून दोन माणसं न्यायची परवानगी मिळाली. एक होत्या संस्थेच्या कुंदाताई. पन्नाशीच्या, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या आणि आमच्याशी अस्सल वऱ्हाडी बोलणाऱ्या. दुसऱ्या जाणार होत्या कमळाबाई आडे.

कमळाबाई आमच्याच तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरच्या. स्वतःची सात एकर कोरडवाहू. हर्राशीत मी "द्याचा काय?" विचारलं की ही बाई मान हलवत नसे, उलट मलाच विचारायची, "तुमचा असता तं देल्ला असता काय?" शेतकऱ्यांच्या गटाकडून तिला परिषदेत बोलायला दोन मिनिटं मिळाली होती. पण तिच्या दोन कागदांवर दोन जन्मतारखा निघाल्या आणि पासपोर्ट वेळेत झाला नाही. माझ्याकडं पासपोर्ट होता, कारण विहारातल्या लोकांबरोबर मी श्रीलंकेला जाऊन आलो होतो. कुंदाताईंनी मला विचारलं. मी म्हटलं, मी तर शेतकरीही नाही. कमळाबाई म्हणाली, "भगतभाऊ, तुमाले बोलाचं थोडीच हाये. बोलनं माहं हाये. तुमी फक्त पुकारा."

आणि तिनं ते माझ्याकडून पाठ करून घेतलं. अंगणात बसवून, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तिचं म्हणणं साधं होतं. यंदा तिनं तीनदा पेरलं. तिच्या आईला वारा, मुंग्या आणि चिंचेची पालवी पाहून पेरणीचा दिवस कळायचा, तसा तिलाही कळायचा. आता कळत नाही. घरात नवी सून आली आहे, तिला शेत सोपवायचं आहे. "तिले काय शिकवू, ते तुमीच सांगा," असं तिला त्या मोठ्या लोकांना विचारायचं होतं. पैसे मागू नका, हे तिनं मला दोनदा बजावलं. "भीक नाई मांगाची. इचाराचं."

परदेशातल्या त्या शहराचं नाव सांगत नाही. हॉटेल, ट्राम आणि परिषदेची इमारत यापलीकडे मी ते पाहिलेलंही नाही. थंडी अशी की मफलर डोक्याला गुंडाळून वर टोपी घातली तरी कान आपले आहेत असं वाटेना. इमारतीत मात्र इतकी ऊब की लोक हातपंखा केल्यासारखे कागद हलवत बसायचे.

पहिले दोन दिवस मी नुसता हिंडलो. मला वाटलं होतं की एका मोठ्या सभागृहात सगळं जग बसेल आणि भाषणं होतील. तशी भाषणं होतात, पण खरा व्यवहार लहान खोल्यांत चालतो. लांब टेबल, प्रत्येक देशाची नावाची पाटी, पुढं अध्यक्ष. पडद्यावर ठरावाचा मसुदा. बोलायचं असेल त्यानं आपली पाटी उभी करायची. एकेका शब्दावर तासभर वाद. मला वाटलं, यांच्या हातात आमचा बाजार दिला तर एका बंडीला मार्गशीर्ष उजाडेल. पण हळूहळू मला ओळखीचं दिसू लागलं. एक गृहस्थ बोलायच्या आधी चष्मा पुसायचे. एक बाई नको असलेला शब्द आला की हसायच्या. दुसऱ्या दिवशी मी कुंदाताईंना आधीच सांगू लागलो की आता हा नाही म्हणणार, आणि तो नाही म्हणायचा. कुंदाताई म्हणाल्या, "भाऊ, तुमाले इंग्रजी येते काय?" मी म्हटलं, नाही, पण गिऱ्हाईक ओळखता येतं.

आम्हा निरीक्षकांची जागा मागच्या भिंतीला लागून. गळ्यात कार्ड. नियम एकच, पण कडक. कुंदाताईंनी तो मला रोज सकाळी ट्राममध्ये ऐकवला, "आपन पाहाचं, आयकाचं. मधात तोंड उघडलं तं कार्ड गेलं म्हनून समजा. कार्ड गेलं तं कमळाबाईचे दोन मिनिटंबी गेले."

तिथं मला एक मैत्रीण मिळाली. महासागरातल्या एका इवल्याशा बेटाच्या देशाची प्रतिनिधी, साठीच्या आसपासची, जाडजूड, पायात साध्या चपला. तिचं नाव सिना. मी सिनाबाई म्हणायचो आणि तिला ते आवडायचं. मोठ्या देशांची पन्नास-पन्नास माणसं आलेली, हिच्या देशाची अवघी तीन. एकाच वेळी पाच खोल्यांत बैठका. त्यामुळे ही बाई सदानकदा पळत असायची. एकदा जिन्यावर दम खात बसली होती, तेव्हा मी डबा पुढं केला. ज्वारीची कडक भाकरी आणि तिळाची चटणी. तिनं चटणी नुसतीच खाल्ली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. कुंदाताई दुभाषी. सिनाबाईंनी मला विचारलं, तुम्ही काय काम करता? मी तिथंच उभा राहून हर्रास बोलून दाखवली. एक बार, दो बार, आणि मग वळून तिला, "द्याचा काय?" जिन्यावरचे चार लोक थबकले. तिला त्या विचारण्याचा अर्थ समजावून सांगितल्यावर मात्र ती हसायची थांबली. म्हणाली, मी इथं त्याच्यासाठीच आले आहे.

तिचं म्हणणं असं. समुद्रानं, पावसानं, वादळानं ज्यांचं नुकसान झालं त्यांना मदत करायची, यावर एक परिच्छेद चालला होता. पण कोणाचं काय गेलं हे ठरवणार बाहेरचे तज्ज्ञ. तिच्या गावची दफनभूमी पाण्याखाली गेली होती. तज्ज्ञ येऊन म्हणाला की तिथं घर नाही, पीक नाही, म्हणजे नुकसान शून्य. तिला त्या परिच्छेदात एवढंच हवं होतं की ज्याचं गेलं त्याला विचारल्याशिवाय ठरवू नका. मी कुंदाताईंना म्हटलं, ही बाई आमच्या आवारातलीच आहे, चुकून समुद्रात जन्मली.

चौथ्या दिवशी दुपारी तो परिच्छेद चर्चेला येणार होता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कमळाबाईची दोन मिनिटं होती आणि मी भिंतीशी बसून मनातल्या मनात घोकत होतो. सिनाबाई आपल्या पाटीमागे बसल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या देशाचा एक माणूस आला, कानात काही बोलला आणि त्या उठल्या. शेजारच्या खोलीतही त्यांच्या देशाचं काही अडलं होतं. जाताना आमच्याजवळ थांबून कुंदाताईंना म्हणाल्या, पाच मिनिटांत आले, माझा परिच्छेद यायला अवकाश आहे.

अवकाश नव्हता. त्याच्या आधीचे दोन परिच्छेद कुणी न भांडता सुटले, असं म्हणे कधी होत नाही. अध्यक्ष चांगला माणूस होता, उंच, थकलेला. खोली पुढच्या बैठकीला द्यायची होती आणि त्यांची नजर कागदावर होती. त्यांनी परिच्छेद वाचला, मान वर न करता काही म्हणाले. कुंदाताई कुजबुजल्या, "कोनाची हरकत दिसत नाई, म्हून राह्यले." त्यांचा हात लाकडी हातोडीवर गेला. टेबलावर सिनाबाईंची पाटी होती, मागची खुर्ची रिकामी होती. एक बार नाही, दो बार नाही, एकदम हातोडी.

मी भान हरपून ओरडलो असं सांगितलं तर तुम्हांला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. मला भान होतं. कार्ड आठवलं, उद्याचे अकरा आठवले, अंगणात बसून माझं पाठांतर घेणारी कमळाबाई आठवली. आणि बैलांना पाणी पाजून परत येणारे म्हातारेही आठवले. हातोडी वर गेलेली मी पाहिली आणि उभा राहिलो.

"रुका!" मी ओरडलो. "बंडीवाली बाहेर हाये!"

एकोणतीस वर्षांचा आवाज होता, आणि ती खोली आमच्या आवाराच्या मानाने अगदीच टीचभर. हातोडी हवेत राहिली. चष्मा पुसणाऱ्याचा चष्मा खाली पडला. ज्यांच्या कानात भाषांतराची यंत्रं होती ते ती काढून हलवून पाहू लागले. कुंदाताईंनी पदरानं तोंड झाकलं. अध्यक्ष माझ्याकडं पाहत होते, मी त्यांच्याकडं. त्या दोन-तीन क्षणांत एका दुसऱ्या छोट्या देशाच्या माणसाला जाग आली. त्यानं रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं आणि आपली पाटी उभी केली.

आणि दार उघडून सिनाबाई आल्या. शेजारच्या खोलीत त्यांना माझी हाक ऐकू गेली होती. शब्द कळले नव्हते, पण हा आवाज असाच उगाच निघत नाही हे त्यांना जिन्यावरून माहीत होतं. एक चप्पल वाटेत कुठं राहिली होती. तशाच त्या जागेवर गेल्या, पाटी उभी केली आणि धापा टाकत बोलू लागल्या. त्यांचं शेवटपर्यंत ऐकायला मला मिळालं नाही. दोन रक्षक आले, अतिशय नम्रपणे मला बाहेर घेऊन गेले आणि कार्ड मागितलं. मी ते काढून दिलं.

कुंदाताईंनी खूप खटपट केली. पण नियम तो नियम. बोलणाऱ्यांची यादी बंद झाली होती, माझ्या जागी त्यांचं नाव घालता येत नव्हतं आणि आमची दोन मिनिटं दुसऱ्या कुणाला गेली. त्या माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर एकच वाक्य बोलल्या, "कमळाबाईले तुमीच सांगसान." सिनाबाई भेटायला आल्या. परिच्छेद दुसऱ्या दिवसापर्यंत खुला राहिला होता. पुढं तो मंजूर झाला तेव्हा त्यांना हवं होतं त्यातलं थोडं आत आलं, थोडं गळालं. जग वाचलं वगैरे मी म्हणत नाही. त्यांनी माझा हात धरला आणि उरलेली चटणी कागदात बांधून नेली.

परत आल्यावर चार दिवस मी तांड्याकडं गेलो नाही. सर्दीचं निमित्त सांगितलं. पाचव्या दिवशी मंडळींनी दाराबाहेर काढलं. कमळाबाई वेचून आणलेल्या कापसातला कचरा काढत अंगणात बसली होती, सून बाजूला. बायका जमल्या, कारण कमळाबाईचं बोलणं जगानं ऐकलं हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "बाई, तुहं म्हननं मी नाई सांगतलं. कार्ड घेतलं त्यायनं."

"मंग कायले गेलते?" ती म्हणाली. आवाजात राग होता आणि तो असायलाच हवा होता. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. दफनभूमीचंही सांगितलं. ती हात न थांबवता ऐकत होती. शेवटी विचारलं, "त्या बाईले बोलू देल्लं काय मंग?"

"देल्लं."

तिनं हातातला पुंजका साफ करून टोपलीत टाकला. "पाठ हाये का इसरले?"

"पाठ हाये."

"मंग इथंच म्हना. मले पाहू द्या, कसं लागते कानाले."

बायका हसल्या. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणायला लागलो. पेरणी पहिली, दुसरी, तिसरी. वारा, मुंग्या, चिंचेची पालवी. आवाज लहान करता येत नाही मला, त्यामुळे तांड्याच्या दुसऱ्या टोकाची माणसंही बाहेर आली. मी शेवटाला आलो. घरात नवी सून आली आहे, तिच्या हाती शेत द्यायचं आहे, मला स्वतःलाच आता काही कळेनासं झालं आहे, तिला काय शिकवू ते तुम्हीच सांगा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुनेचे हात कापसात तसेच थांबले होते. ती सासूकडं पाहत होती.

"याडी," ती म्हणाली, तांड्यावर आईला असंच म्हणतात, "हे तुमी मले कवाच नाई सांगतलं."

कमळाबाईनं मान वर केली नाही. "तुले कसं सांगू, बाई," ती म्हणाली. "दुनियेले सांगनं सोपं वाटलं."